राज्य कोणावर?

मुंबुआनं नैरोबीहून पेटी आणली होती:
पुठ्ठ्याचा पट, रंगीत सोंगट्या, एक पिवळा फासा.
बाभळीखाली चटई पसरून आम्ही बसलो,
मी मधे. म्हणजे दुभाषी.
खेळात असायचं आणि मोजलं जायचं नाही,
लहानपणी मला कच्चा लिंबू करायचे, तसंच.

पहिलं दान पडलं चार.
हुकानं पत्ता उचलला, मी वाचला:
‘दुष्काळ. तुमच्या दहा शेळ्या मेल्या. एक पाळी चुकवा.’
सगळे हसले. हुका नाही.
त्याच्या गेल्या साली एकशे सत्तर मेल्या,
आणि त्या पुठ्ठ्याच्या नव्हत्या.
दुसरा पत्ता: ‘कारखाना काढा. तीन घरं पुढे.’
तिसरा परत दुष्काळ.
चौथा वाऱ्यानं उडाला
आणि गुमातोच्या शेळीनं खाल्ला.
शेळीनं दुष्काळ खाल्ल्याचं
आमच्या मुलखात हे पहिलंच उदाहरण.

जतानी पटाकडे बघतच नव्हता.
विहिरीच्या पाळ्या ठरवणारा माणूस तो.
आज कुणाचे उंट, परवा कुणाच्या गाई,
सगळं डोक्यात, वहीत काही नाही.
‘पाळी चुकवा,’ तो सावकाश म्हणाला,
‘असं पत्ता म्हणतो?
चोराची पाळी चुकवायची तरी
मी तीन रात्री झोपत नाही.
आणि तो कारखानावाला,
तो आपल्या विहिरीवर कुठल्या दिवशी येतो?’

मी सांगितलं. मुंबुआनं नियमांची पुस्तिका चाळली,
मागून पुढे, पुढून मागे.
त्याचा दिवस कुठेच नव्हता.

मग जतानीनं काठीनं वाळूत खळगे पाडले.
इकडे सहा, तिकडे सहा.
खडा म्हणजे गाय. मूठ उचलायची,
एकेक खडा पेरत जायचं. जुना खेळ.
समोर तलासो बसली, नऊ वर्षांची, पुढचे दोन दात नसलेली.
‘मी धूर,’ ती म्हणाली, ‘मला कुठूनही घेता येतं.’
कुणी तिला हे शिकवलं नव्हतं.
आणि तिनं घेतलं.
घटकाभरात सगळ्या गाई तिच्या ओच्यात,
जतानीच्या बाजूला नुसती भोकं.

‘जिंकले!’
‘मग खेळ.’
‘कुणाशी? तुमच्याकडे काहीच नाही.’
‘तेच म्हणतोय.’

तिनं विचार केला. एक खडा पुढे केला.
‘घ्या. देते मी.’
जतानीनं हात मागे घेतला. ‘कुणाचा आहे?’
तिनं खडा थुंकीनं पुसला, उलटसुलट पाहिला.
पांढरा पट्टा. त्याच्याच पहिल्या खळग्यातला.
‘तुमचाच.’
‘मग देते म्हणू नकोस.’

मुंबुआ पेन उघडून माझ्याकडे बघत होती
आणि मला तिच्या भाषेत शब्द सापडेना.
फाशानं पडतं ते दान,
वरच्या हातानं खाली टाकतात तेही दान.
म्हातारा दोन्ही मागत नव्हता.
त्याला त्याची पाळी हवी होती, आणि गाई,
मोजून.

उन्हं उतरली. फॉर्मवर एक चौकोन उरला:
‘सहभागी काय शिकले?’
मी लिहिलं, एक पत्ता शेळीनं खाल्ला,
नवा पाठवणे.

‘पण आता राज्य कोणावर?’ तलासो विचारत होती,
माझी ओढणी ओढून, पुन्हा पुन्हा.
पोरी, राज्य आलं की धावायचं असतं
आणि बाकीच्यांनी लपायचं.
आमच्यावर ते केव्हापासून आहे, आठवत नाही.
डोळे झाकून कितीपर्यंत मोजलं, तेही नाही.
हे मी बोलले नाही. दुभाषानं स्वतःचं बोलू नये.

जतानी काठी टेकत उठला.
‘उद्या तुझ्या आईचे उंट, तिसरी पाळी.
उजाडायच्या आत ये.’

तलासो ओचा खुळखुळवत पुढे पळाली.
मी चटई झटकली, पट मिटला,
आणि पाहिलं: पांढऱ्या पट्ट्याचा खडा
पहिल्या खळग्यात परत ठेवलेला.
बाकीचे सत्तेचाळीस तिच्याकडेच.